डोकेदुखी : अर्धशिशी की कवटीतील वाढलेला दाब?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांस आरोग्यावर बोलावयास सांगितले तेव्हा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे नेहमीचे विषय समोर होते. त्यांवर याच व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही डोकेदुखी हा विषय निवडला आहे. कोणी म्हणेल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? डोके कोणाचे दुखत नाही? १८९३ साली मुंबईत जन्मास आलेल्या अमृतांजनाची ती बाटली आपल्यापैकी कितीजणांच्या पहिल्या प्रवासाच्या बॅगेत आईने स्वहस्ते ठेवली असेल! डोके दुखले की बाम चोळावा, एक गोळी घ्यावी, वर आल्याचा कडक चहा प्यावा आणि कामाला लागावे, ही आपली रीत. शंभरांतील बहुसंख्य वेळी ती पुरेशीही ठरते. ज्या थोड्या वेळी ती पुरत नाही, त्या वेळा ओळखावयाच्या कशा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

हा विषय निवडण्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती प्रथम आपणांसमोर ठेवतो, म्हणजे पुढील विवेचन कोरडे वाटणार नाही.

गोष्ट २००९ सालची. त्या काळी येथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. अशाच एका शुक्रवारी दुबईच्या अल ममझार उद्यानात आम्ही काही कुटुंबे डबे घेऊन जमलो होतो. आमच्या एका स्नेह्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो, जेवणे आटोपल्यावर बाजूला येऊन म्हणाल्या, "भाऊजी, अलीकडे डोकं फार दुखतं हो. रोजच दुखतं." वहिनींचे वय तेव्हा २९. महाविद्यालयात असल्यापासून त्यांना अर्धशिशीचा त्रास होता. त्यांच्या आईस व मावशीसही तो होता. आम्हांस हा सारा इतिहास ठाऊक होता, आणि तो ठाऊक असणे हेच घातक ठरले. आम्ही विचारले, "जुनंच ना?" त्या म्हणाल्या, "जुनंच असेल. पण थोडं वेगळं वाटतं." आम्ही हवामान, जागरण, दोन लहान मुलांची धावपळ अशी कारणे त्यांस सांगितली, अर्धशिशीची गोळी सुचविली आणि पुन्हा गप्पांत रमलो.

"थोडं वेगळं वाटतं" हे तीन शब्द आम्ही ऐकूनही ऐकले नाहीत.

पुढील सात महिन्यांत वहिनींनी दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला. त्या वाकून मुलांचे बूट बांधीत तेव्हा क्षणभर डोळ्यांपुढे दिवे गेल्यासारखे होई आणि लगेच दिवे परत येत. रात्री उशीवर डोके टेकले की कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं असा आवाज येई. तो वातानुकूलन यंत्राचा असावा अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्यांनी ते यंत्र दुरुस्तही करून घेतले. मग चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला, चहा ओतताना कपाची बाजूची कड दिसेनाशी झाली. अखेर एका नेत्रतज्ज्ञाने डोळ्यांत औषधाचे थेंब घालून आतला पडदा पाहिला आणि त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात पाठविले. दोन्ही डोळ्यांतील दृष्टीचे मज्जातंतू सुजले होते. मेंदूचे छायाचित्रण झाले. त्यात गाठ नव्हती, रक्तवाहिन्यांत गुठळीही नव्हती. पाठीच्या मणक्यातून द्रवाचा दाब मोजला तेव्हा तो ३८ सेंटिमीटर भरला. प्रौढ माणसात २५ च्या वर गेला म्हणजे तो वाढलेला मानतात. वहिनींची अर्धशिशी खोटी नव्हती. परंतु तिच्या आडोशाने दुसराच आजार घरात शिरला होता आणि आम्ही जुन्या पाहुण्याच्या नावाने नव्याचे स्वागत केले होते.

आता मूळ विषयाकडे वळू.

अर्धशिशी म्हणजे काय? नावावरून अर्धे डोके दुखणे असा बोध होतो. तथापि ती कधी एका बाजूस, कधी दोन्ही बाजूंस असते. तिची खरी ओळख तिच्या चालीवरून पटते. ती येते, राहते आणि जाते. औषध न घेतल्यास साधारणतः ४ तास ते ७२ तास टिकते. डोके नाडीबरोबर ठणकते, जिना चढला तरी वेदना वाढते, मळमळते किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. माणूस पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत निजतो, झोप लागली की पुष्कळदा उतार पडतो, आणि दोन वेळांच्या मधले दिवस तो अगदी ठणठणीत असतो. काहींना वेदनेपूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. त्या हळूहळू पसरतात आणि ५ ते ६० मिनिटांत नाहीशा होतात.

हा मेंदूतील मज्जातंतूंच्या संवेदनशीलतेचा आजार आहे, पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो, आणि स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. तो मनाचा खेळ नव्हे आणि कामचुकारपणा तर मुळीच नव्हे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आढळले. म्हणजे या सभागृहात चार माणसांमागे एकास ती असली तरी नवल नाही. तिला चाळविणारी कारणे आपण सारे जाणतो: उपास, जागरण, सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपणे, ऊन, उग्र अत्तरे, पाळीचे दिवस. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली वैद्यकीय नियतकालिकात आणखी एका कारणाची नोंद केली. न्हाणे, म्हणजे डोक्यावरून केस धुणे, हे भारतीय स्त्रियांत अर्धशिशी सुरू होण्याचे निमित्त ठरते. "न्हायले की माझे डोके उठते" असे सांगणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या कोणी मनावर घेतले नव्हते. एका डॉक्टरने ते ऐकले आणि लिहून ठेवले. ऐकण्याचे मोल यावरून ध्यानात यावे.

आता दुसरी बाजू पाहू. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तिच्यात तीनच वस्तू आहेत: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारा स्वच्छ पाण्यासारखा द्रव. हा द्रव प्रौढ माणसात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. परंतु दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो आणि तेवढाच रक्तात शोषला जातो. पेटीच्या भिंती प्रौढपणी ताणल्या जात नाहीत. त्यामुळे तिघांपैकी एकाने जागा अडविली की उरलेल्या दोघांना आक्रसावे लागते, आणि ती सोय संपली की दाब चढू लागतो.

हा दाब वाढण्याची कारणे अनेक. गाठ वाढणे, रक्तस्राव, द्रवाचा मार्ग तुंबणे, क्षयरोगाने मेंदूच्या आवरणास सूज येणे, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होणे. आपल्या देशाशी सतत ये-जा असणाऱ्यांनी आणखी एक कारण ध्यानात ठेवावे. फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून वा न धुतलेल्या भाजीपाल्यातून पोटात गेल्यास मेंदूत कृमींच्या गाठी होतात. डोकेदुखी आणि फीट ही त्यांची लक्षणे होत. मांस न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो.

याखेरीज एक प्रकार असा की छायाचित्रणात गाठ, गुठळी काहीच सापडत नाही, तरीही दाब वाढलेला असतो. वहिनींना हाच आजार झाला होता. सर्वसाधारण लोकसंख्येत तो दर लाखात वर्षाला एक-दोघांनाच होतो. परंतु ज्यांचे वजन वाढले आहे अशा तरुण स्त्रियांत त्याचे प्रमाण अनेक पटींनी अधिक असते. अमेरिकेत या आजारावरील औषधाची जी मोठी चाचणी झाली आणि २०१४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातील १६५ रुग्णांपैकी १६१ स्त्रिया होत्या. काही औषधांमुळेही तो उद्भवतो: मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिनच्या वर्गातील प्रतिजैविके, जीवनसत्त्व 'अ' चे अतिसेवन, आणि दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड औषधे एकाएकी बंद करणे. तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावरील मुरुमांवर उपचार चालू असताना तिचे डोके नव्याने दुखू लागले तर त्या औषधाचे नाव डॉक्टरांस अवश्य सांगावे.

या दोन डोकेदुख्या एकमेकींपासून वेगळ्या कशा करावयाच्या? पाठ्यपुस्तक सांगते ते असे. दाबाची डोकेदुखी आडवे झाल्यावर वाढते, कारण उभ्या स्थितीत रक्त व द्रव खाली उतरण्यास गुरुत्वाकर्षणाची मदत होते आणि निजल्यावर ती जाते. म्हणून ती पहाटे जागे करते किंवा उठल्याबरोबर अधिक असते. खोकला, शिंक, शौचास जोर करणे, वाकणे यांनी ती एकदम चढते. अर्धशिशीचा रुग्ण निजावयास पाहतो, तर दाबाचा रुग्ण पुष्कळदा उशा रचून बसून राहतो. अर्धशिशी येते आणि जाते, तर दाबाची डोकेदुखी आठवड्यागणिक पुढे सरकते. मधले बरे दिवस कमी होत जातात आणि शेवटी उरतच नाहीत.

परंतु बंधू-भगिनींनो, येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रुग्ण पाठ्यपुस्तक वाचून आजारी पडत नाही. अर्धशिशीही पहाटे जागे करते, वाकल्यावरही वाढते. उलटपक्षी, कवटीतील दाब वाढलेल्या कित्येक रुग्णांची वेदना हुबेहूब अर्धशिशीसारखी ठणकते, मळमळते, उजेड सहन होत नाही. इतकेच नव्हे तर अर्धशिशीच्या गोळीने दाबाच्या डोकेदुखीलाही तात्पुरता आराम पडू शकतो. म्हणून गोळी लागू पडली, अर्थात अर्धशिशीच आहे, हा तर्क फसवा आहे. केवळ वेदनेच्या वर्णनावरून निकाल देणारा फसतो. आम्ही फसलो ते याच कारणाने.

मग निकाल द्यावा कशावरून? त्यासाठी निसर्गाने एक खिडकी ठेवली आहे. डोळ्याच्या मागून निघून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू ज्या आवरणात गुंडाळलेला असतो, त्यात मेंदूभोवतीचाच द्रव असतो. कवटीत दाब वाढला की तो त्या आवरणातून डोळ्याच्या पाठीपर्यंत पोहोचतो आणि मज्जातंतूचे टोक सुजते. ही सूज बाहेरून दिसते, कापाकापी करावी लागत नाही. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा पडदा पाहण्याचे साधन जगापुढे आणले. मेंदूचे संगणकीय छायाचित्रण लंडनमध्ये प्रथम झाले ते १९७१ साली. म्हणजे मधली १२० वर्षे जगभरचे वैद्य मेंदूतील दाबाचा अंदाज याच खिडकीतून घेत आले. आज यंत्रे आली, हे उत्तमच झाले. मात्र यंत्रे आली म्हणून खिडकी बंद करण्याचे कारण नाही. हे तपासणे काही मिनिटांचे आहे आणि त्याचा खर्च छायाचित्रणाच्या मानाने किरकोळ आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चष्म्याचा नंबर काढणे आणि डोळ्याचा पडदा पाहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाबाने मज्जातंतू सुजला तरी अक्षरे वाचण्याची मधली नजर दीर्घकाळ शाबूत राहते आणि कडेची नजर आधी जाते. त्यामुळे भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाचीही दृष्टी धोक्यात असू शकते. म्हणून डोकेदुखीसाठी नेत्रतपासणीस गेल्यावर "डोळ्याच्या मागचा पडदा आणि दृष्टीचा मज्जातंतू पाहावा" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. सबब त्या दिवशी स्वतः गाडी चालवीत जाऊ नये.

सूज आढळली तर ती तातडीची बाब समजावी, त्याच दिवसाची. मग मेंदूचे व शिरांचे छायाचित्रण होते, आणि ते सुरक्षित ठरल्यावरच मणक्यातून दाब मोजतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. साधे संगणकीय छायाचित्रण निर्दोष आले म्हणजे सारे निर्दोष, असे नव्हे. शिरांतील गुठळी त्यात सुटू शकते, आणि वहिनींसारख्या आजारात त्यात बोट ठेवण्याजोगे काहीच न सापडण्याचा संभव मोठा असतो. तेव्हा "स्कॅन नॉर्मल आहे" या वाक्यावर समाधान मानण्यापूर्वी "डोळ्याचा पडदा कोणी पाहिला का?" हा प्रश्न विचारावा. पडदा निर्दोष असूनही लक्षणे वाढत असतील तर काही दिवसांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण सुरुवातीच्या काळात सूज नसूही शकते.

आता येथील आपल्या जीवनाकडे वळू. आखातात डोकेदुखीचे पहिले खापर उन्हावर फुटते आणि त्यात तथ्यही आहे. येथे दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीनपर्यंत उघड्या उन्हातील कामास कायद्याने मनाई आहे, ती उगीच नव्हे. शरीरातील पाणी कमी झाले की अर्धशिशी चाळवते. परंतु उन्हाची साधी डोकेदुखी सावली, पाणी, मीठ आणि विश्रांती मिळाल्यावर उतरते. जी रात्रीच्या विश्रांतीनंतरही सकाळी तशीच उभी असते, ती उन्हाच्या नावावर टाकू नये. शिवाय पाण्याची तूट हीच काहींच्या मेंदूच्या शिरांत गुठळी होण्यास हातभार लावते. म्हणजे ऊन हे कारण असले तरी परिणाम साधाच असेल असे नाही.

बाळंतिणींच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. आपल्याकडे कित्येक घरांत बाळंतिणीला पाणी कमी द्यावे अशी समजूत अजूनही आढळते. गावाहून आलेली सासू वा आई ती प्रेमापोटीच पाळते. परंतु बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेला काळ असतो. त्यात पाणी तोडले तर मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. भारतातील मज्जातज्ज्ञ ही गोष्ट दीर्घकाळ सांगत आले आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीत भुलीचे इंजेक्शन दिले असेल तर पहिल्या काही दिवसांत द्रव झिरपून उलट प्रकारची, दाब कमी झाल्याची डोकेदुखी होते. ती बसल्यावर वाढते आणि आडवे होताच उतरते. मात्र आडवे होऊनही न उतरणारी, वाढत जाणारी डोकेदुखी, त्यात फीट, हातापायातील कमजोरी किंवा अंधूक दिसणे असेल तर क्षणाचाही विलंब नको. बाळंतिणीचा रक्तदाबही त्याच वेळी मोजून घ्यावा. समारंभासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत, कारण त्यांतील काही गुठळीचा धोका वाढवितात. ज्यांना अर्धशिशीपूर्वी डोळ्यांसमोर चमकत्या रेषा येतात त्यांनी तर ही गोष्ट मुळीच लपवू नये.

तिसरी बाब गोळ्यांची. सुट्टीवरून परतताना वर्षभराच्या वेदनाशामक गोळ्या बॅगेत भरून आणण्याची आपली सवय आहे. तिच्यात दोन धोके आहेत. कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे या देशात नियंत्रित आहेत. परवानगीवाचून आणल्यास कायद्याचा बडगा बसतो. दुसरा धोका प्रकृतीचा. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक, आणि संयुक्त गोळ्या वा अर्धशिशीच्या खास गोळ्या १० दिवस किंवा अधिक अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. मग खरी चाल झाकली जाते आणि डॉक्टरासही थांग लागत नाही.

आणि चौथी बाब भाषेची. आपली मराठी या बाबतीत समृद्ध आहे. डोके ठणकते, ठसठसते, जड होते, भणभणते, चमक मारते, डोके उठते, डोके धरते. प्रत्येक शब्द निराळी वेदना सांगतो. परंतु दवाखान्यात समोर बसलेला डॉक्टर मलयाळी, अरब, पाकिस्तानी वा फिलिपिनो असतो. तेथे आपली ही सारी संपत्ती गळून पडते आणि तोंडातून एकच शब्द निघतो, 'हेडेक'. कामगार वसाहतीतला आमचा भाऊ तर 'सर में दर्द' एवढेच म्हणतो आणि गोळ्यांची पट्टी घेऊन परततो. म्हणून आम्ही सुचवितो की वेदनेचे विशेषण सापडत नसेल तर वेदनेची वागणूक सांगावी. ती कोणत्याही भाषेत सांगता येते. दुखणे किती वाजता सुरू होते? निजल्यावर वाढते की उतरते? खोकल्यावर काय होते? वाकल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येतो का? एकाचे दोन दिसतात का? कानात नाडीबरोबर आवाज येतो का? महिन्यात किती दिवस बरे गेले? वहीच्या एका पानावर महिनाभर या नोंदी ठेवाव्यात आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे.

लहान मुलांना हे सांगता येत नाही. तेथे आईबापांनी पाहावयाचे. सकाळी उठताच वारंवार उलटी, चालताना तोल जाणे, नव्याने आलेला तिरळेपणा, मान वाकडी धरणे, अभ्यासातून एकाएकी मन उडणे, सुस्ती. अशा मुलाचे डोके दुखत असेल तर त्यास शाळा टाळण्याचा बहाणा म्हणू नये.

आता कोणत्या प्रसंगी वाट पाहावयाची नाही ते सांगतो. एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी न झालेली भयंकर डोकेदुखी. डोकेदुखीसोबत ताप व ताठलेली मान. फीट, बोबडी वळणे, एक हात-पाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे किंवा असंबद्ध बोलणे. डोक्यास मार लागल्यानंतर वाढणारी वेदना. दृष्टी एकाएकी मंदावणे. यांपैकी काहीही घडल्यास ९९८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याखेरीज पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, कर्करोगाच्या वा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णास झालेली, आठवड्यागणिक वाढणारी, अथवा आपली जुनी चाल बदललेली डोकेदुखी काही दिवसांतच डॉक्टरांस दाखवावी. खर्चाच्या धास्तीने थांबू नये. अबू धाबी व दुबई येथे आरोग्य विमा पूर्वीच सक्तीचा झाला होता. १ जानेवारी २०२५ पासून शारजाह, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा व फुजैरा येथील खासगी नोकरदार आणि घरकामगार यांच्या निवास परवान्यासाठीही मालकाने विमा उतरविणे आवश्यक झाले आहे. आपले विमापत्र कपाटात ठेवण्यासाठी नाही. त्यात काय मिळते ते वाचून ठेवावे, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास आपण वाचून दाखवावे.

या विवेचनाने कोणी घाबरून जाऊ नये. ज्यांची अर्धशिशी वर्षानुवर्षे एकाच चालीने येते व जाते, मधल्या दिवसांत जे पूर्ण बरे असतात, त्यांच्या डोक्यात गाठ निघण्याची शक्यता फारच थोडी. त्यांनी दरवर्षी छायाचित्रण करून घेण्याचे काही कारण नाही. त्यांनी वेळेवर जेवावे, वेळेवर निजावे, पाणी प्यावे आणि अर्धशिशीवरील चांगली, प्रतिबंधक औषधेही आज उपलब्ध आहेत हे जाणून घ्यावे. आणि ज्यांच्या कवटीतील दाब विनाकारण वाढला आहे त्यांच्यासाठीही उपाय आहेत. २०१४ च्या त्या चाचणीत ॲसिटाझोलामाइड हे औषध व वजन उतरविणारा आहार यांच्या जोडीने दृष्टी अधिक सुधारलेली आढळली. वजन कमी करणे हा या आजाराच्या मुळाशी जाणारा उपाय आहे. मात्र तो सांगताना बाईला दूषण देऊ नये. घर, गाडी आणि बंद खिडक्या यांच्यात जिचे दिवस जातात, तिच्यासाठी संध्याकाळचा एक तास मोकळा करणे हे घरच्या पुरुषाचेही काम आहे.

शेवटी पुन्हा वहिनींविषयी. औषधे, आहार आणि नेत्रतज्ज्ञांची देखरेख यांमुळे त्यांची डोकेदुखी वर्षभरात आटोक्यात आली आणि मधली नजर वाचली. कडेची जी गेली ती परत आली नाही. त्यांनी गाडी चालविणे सोडले. रस्ता ओलांडताना त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतात. आम्ही क्षमा मागावयास गेलो तेव्हा त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटलं होतं तुम्ही आणखी काही विचाराल."

डॉक्टर म्हणून आमच्याकडून राहून गेलेला तो प्रश्न आज आम्ही आपल्या हाती सोपवीत आहोत. आपल्या घरात, वसाहतीतल्या खोलीत, शेजारी कोणी म्हणाले की डोके दुखते, तर गोळी पुढे करण्यापूर्वी एवढे विचारा: "नेहमीसारखंच दुखतं, की काही वेगळं वाटतं?" आणि उत्तर "वेगळं वाटतं" असे आले, तर त्यास त्याच आठवड्यात डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावयास सोबत घेऊन जा.